कोरोलाचा अल्टरनेटर पॉन्टिअ‍ॅकच्या रांगेतही सापडतो

प्रश्न : मी ह्यूस्टनमध्ये एमएस करतोय. कॉलेजातल्या एका सीनियरकडून 2006 ची टोयोटा कोरोला एलई घेतली, 1 लाख 58 हजार मैल झालेली. गेल्या आठवड्यात डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला. गॅरेजवाला म्हणतो अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) गेला, 480 डॉलर लागतील. त्याच आठवड्यात पार्किंगमध्ये कुणीतरी ड्रायव्हरकडचा आरसा मोडून पसार झालं, त्याचे वेगळे 190. रूममेट म्हणतो, भंगार यार्डात जा, पार्ट स्वतः खोलून आण, शंभरच्या आत सगळं होईल. मी आजवर चाक बदलण्यापलीकडे गाडीला हात लावलेला नाही. हे कायदेशीर असतं का? आणि जमेल का? हेडलाइट पिवळे पडलेत आणि एअरबॅगचा दिवाही अधूनमधून लागतो. ते पण तिथेच उरकून टाकू का?

उत्तर : कायदेशीर आहे, त्याची चिंता नको. टेक्ससमध्ये जुने पार्ट विकणाऱ्या यार्डांना राज्याचा परवाना घ्यावा लागतो. पिक-एन-पुल, पिक युअर पार्ट, पुल-अ-पार्ट, यू-पुल-अँड-पे या साखळ्या उघड उघड हाच धंदा करतात. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दुकानदाराला गाडीचं मॉडेल सांगितलं की तो आतून पार्ट आणून काउंटरवर ठेवतो. इथे तसं नाही. इथे गाड्या एकरच्या एकर जागेत रांगांनी उभ्या असतात, पाना तुमचा, घाम तुमचा, आणि पार्ट स्वस्त मिळतो तो त्याच कारणाने. तुम्हाला जमेल का? आरसा नक्की जमेल. अल्टरनेटरही तुमच्या गाडीत सोप्यापैकीच आहे, पण त्याआधी घरी दोन गोष्टी करा.

पहिली म्हणजे अल्टरनेटर खरंच गेलाय का ते बघा. वीस डॉलरचा मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीवर साधारण 12.6 व्होल्ट दिसायला हवेत, आणि इंजिन सुरू असताना 13.5 ते 14.5. इंजिन चालू असूनही आकडा 12 च्या आसपास रेंगाळत असेल आणि हळूहळू उतरत असेल, तर चार्जिंग होत नाहीये. तरीही लगेच अल्टरनेटरवर आळ घेऊ नका. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा खार साचलाय का, बेल्ट ढिला किंवा चकचकीत झालाय का, आणि बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्समधला ‘एएलटी’ लिहिलेला मोठा फ्यूज उडालाय का, हे तिन्ही बघा. आधीच्या मालकाने कधी जंप स्टार्ट करताना, म्हणजे दुसऱ्या बॅटरीवरून गाडी चालू करताना, केबल उलट्या लावल्या असतील तर तो फ्यूज उडतो, आणि माणसं चांगला अल्टरनेटर बदलून बसतात. ऑटोझोन किंवा ओ'रायली या पार्टांच्या दुकानांत बॅटरी आणि अल्टरनेटर फुकट तपासून देतात. ह्यूस्टनच्या उन्हात बॅटरी तीन-चार वर्षांत मान टाकते, तीही तपासून घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे काय शोधायचं ते घरीच नक्की करा. यार्डाच्या फाटकात उभं राहून फोनवर शोधाशोध करणारा माणूस दुपारी रिकाम्या हाताने परततो. पार्ट विकणाऱ्या रॉकऑटोच्या संकेतस्थळावर तुमच्या गाडीचा अल्टरनेटर उघडा आणि पार्ट नंबरवर टिचकी मारा. तो नंबर आणखी कुठल्या कुठल्या गाड्यांना बसतो त्याची यादी येते. ही यादी म्हणजेच तुमची खरी खरेदीची यादी. तुमच्या कोरोलात 1.8 लिटरचं 1झेडझेड-एफई इंजिन आहे. तेच इंजिन 2003 ते 2008 च्या टोयोटा मॅट्रिक्समध्ये आहे, आणि पॉन्टिअ‍ॅक वाइबमध्येही. वाइब म्हणजे मॅट्रिक्सचीच जुळी बहीण. जनरल मोटर्स आणि टोयोटा यांच्या कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या सामायिक कारखान्यात ती बनायची, तुमच्यासारख्या कितीतरी कोरोलाही तिथेच बनल्या. यार्डात गाड्या कंपनीप्रमाणे लावतात : एका भागात जपानी, एका भागात फोर्ड, एका भागात जनरल मोटर्स. त्यामुळे वाइब उभी असते शेव्हरोले-ब्यूइकच्या गर्दीत, आणि टोयोटाचा पार्ट शोधणारी मंडळी तिकडे फिरकत नाहीत. कोरोलाच्या रांगेतले अल्टरनेटर पहिल्या दोन दिवसांत गायब होतात, वाइबमधला महिनाभर तसाच असू शकतो. पॉन्टिअ‍ॅक हा ब्रँडच 2010 मध्ये बंद झाला, त्यामुळे त्या गाडीकडे ढुंकून पाहणारे आणखीच कमी.

तीन अपवाद सोडायचे. 2005-06 ची कोरोला एक्सआरएस, 2003-06 ची मॅट्रिक्स एक्सआरएस आणि पहिल्या पिढीची वाइब जीटी. त्यांत यामाहाच्या मदतीने बनवलेलं 2झेडझेड इंजिन आहे, त्यातलं काही उचलू नका. बाकी गाड्यांतही उचलण्यापूर्वी तीन गोष्टी जुळवा : कनेक्टरचा आकार आणि पिना, बोल्टच्या कानांची जागा, आणि पुलीवरच्या खाचांची संख्या. तुमच्या स्वतःच्या अल्टरनेटरचे चारही बाजूंनी फोटो काढून न्या. आठवणीवर विसंबू नका.

आरशाचं उलट आहे. इंजिन एक असलं तरी मॅट्रिक्स आणि वाइबचं अंग निराळं, त्यांचा आरसा कोरोलाला बसत नाही. आरसा हवा तो 2003 ते 2008 च्या कोरोलाचाच. 2005 मध्ये कोरोलाचा चेहरा बदलला, हेडलाइट, जाळी आणि मागचे दिवे बदलले, पण दारावरचा आरसा तोच राहिला. बघायचं ते एवढंच की तुमच्या एलईचा आरसा बटणावर हलणारा आहे. स्वस्तातल्या सीई मॉडेलमध्ये काही आरशांना आतून हलवायची काडी असते, तो घेतलात तर वायर जोडायला जागाच नाही. रंग जुळवायचा असेल तर ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर एक स्टिकर आहे. त्यावर रंगाचा कोड असतो : 040 म्हणजे सुपर व्हाइट, 1एफ7 म्हणजे क्लासिक सिल्व्हर, 202 म्हणजे काळा. यार्डातल्या गाडीच्या स्टिकरवर तोच कोड दिसला तर आरसा रंगवायचा खर्च वाचला.

त्याच स्टिकरवर चेसिस नंबर, म्हणजे 17 अक्षरांचा व्हीआयएन, आणि गाडी बनल्याचा महिना असतो. व्हीआयएनमधलं दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं : 2003 ला 3, 2006 ला 6, 2009 ला 9, मग 2010 पासून ए, बी, सी. पहिलं अक्षर देश : 1, 4 किंवा 5 असेल तर अमेरिका, 2 असेल तर कॅनडा, जे असेल तर जपान. एकाच वर्षाच्या कोरोलातही काही पार्ट देशाप्रमाणे बदलतात, म्हणून पहिलं अक्षर जुळणारी गाडी मिळाली तर तिलाच आधी हात घाला.

आता यार्ड. जवळजवळ सगळ्या मोठ्या यार्डांच्या संकेतस्थळावर कुठली गाडी कुठल्या रांगेत आणि कधी आली, हे रोज ताजं केलेलं असतं. रो52 या संकेतस्थळावर बऱ्याच गाड्यांचे फोटोही बघायला मिळतात. गेल्या आठवड्यात आलेल्या गाड्या आधी निवडा. गाडी तिथे साधारण एक ते तीन महिने राहते, मग चेपून भट्टीकडे जाते. शनिवारी दुपारी जाऊ नका. मंगळवार-बुधवारी फाटक उघडताच जा. मेमोरियल डे, लेबर डे अशा सुट्ट्यांना अर्ध्या किमतीचे सेल लागतात. पैसे वाचतात हे खरं, पण त्या दिवशी तिथे पंढरीची वारी असते आणि हातगाडा मिळायला अर्धा तास जातो.

आत जायला दोन-पाच डॉलर लागतात. बूट पुढून बंद हवेत, चपला-सँडलवर सोडत नाहीत. हत्यारांची पेटी आत जाताना आणि बाहेर पडताना उघडून बघतात. जॅक, गॅसकटर, ग्राइंडर न्यायला मनाई असते. बॅटरीवरचे ड्रिल बहुतेक ठिकाणी चालतात. प्रत्येक यार्डाची नियमांची पाटी वेगळी असते, आदल्या दिवशी वाचून घ्या.

हत्यारांपैकी तुम्हाला खरोखर लागतील ती अशी : 3/8 इंची रॅचेट, 8, 10, 12, 14, 17 आणि 19 मिलिमीटरच्या सहा कोनांच्या गोट्या (सॉकेट), 6 इंची एक एक्स्टेन्शन, एक लांब दांड्याचा ब्रेकर बार, दोन नंबरचा फिलिप्स आणि एक चपटा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, डोक्याला लावायची टॉर्च, गंजलेले बोल्ट सोडवणारं पेनिट्रेटिंग ऑइल, झिपवाल्या पिशव्या आणि मार्कर. 10 मिलिमीटरची गोटी दोन न्या. ती हरवते, का हरवते ते विचारू नका. अमेरिकी दुकानातल्या स्वस्त सेटमध्ये निम्म्या गोट्या इंचातल्या असतात आणि इथेच नवखे फसतात. 1/2 इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. 12 च्या बोल्टवर ती बसल्यासारखी वाटते, जोर लावला की घसरते आणि बोल्टचे कोपरे गोल करून टाकते. मग ना तुमचा पाना चालत, ना पुढच्याचा. घरून येणाऱ्या कुणाला सामानाच्या बॅगेत नाशिकच्या टपारियाचा गोटी सेट टाकायला सांगितलात तर तो इथे आयुष्यभर पुरेल, मिलिमीटर जगभर एकच आहेत. फक्त हातातल्या बॅगेत नको, विमानतळावर काढून घेतील. सेट विकत घ्यायचा नसेल तर ऑटोझोनसारख्या दुकानांतून काही हत्यारं अनामत ठेवून मिळतात, परत केल्यावर पैसे परत.

रांगेत पोचल्यावर लगेच बॉनेट उघडू नका. आधी गाडीभोवती एक चक्कर मारा आणि ती इथे का आली याचा अंदाज घ्या. मागून ठोकलेली गाडी असेल तर ती धडकेच्या क्षणापर्यंत चालत होती, तिचं इंजिन आणि अल्टरनेटर चांगला असण्याची शक्यता जास्त. समोरून चेपलेली असेल तर अल्टरनेटरला तडा गेलेला असू शकतो, पण दारं, आरसे, मागचे दिवे, सीट यांना धक्का नसतो. आणि जिला कुठेच ओरखडा नाही ती बहुतेक इंजिन किंवा गिअरबॉक्स बसल्यामुळे आली आहे. आरशासाठी हीच सगळ्यात उत्तम.

बॅटरी काढलेली असल्याने किती मैल झाले ते डॅशबोर्डवर दिसत नाही. पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात ऑइल बदलल्याचा स्टिकर शोधा, पुढच्या सर्व्हिसचे मैल आणि तारीख तिथे लिहिलेली असते. ग्लव्ह बॉक्समधले कागदही चाळा. मागच्या वर्षी अल्टरनेटर बदलल्याची पावती सापडली तर लॉटरीच लागली. कागद नसले तरी नजर सांगते : सगळं इंजिन तेलकट-काळं आणि त्यात एकटा अल्टरनेटर पांढराफटक, वर नव्याने बांधल्याचा स्टिकर, तर तो जुना नाही. मूळ डेन्सोचा अल्टरनेटर दर्जाने चांगलाच, पण दीड-पावणेदोन लाख मैल फिरलेल्यातले कार्बन ब्रश झिजून टोकाला आलेले असतात. अशा वेळी दर्जापेक्षा वय बघा.

ह्यूस्टनकडे आणखी एक धोका असतो, पुरात बुडालेल्या गाड्यांचा. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ साचलाय का, सीटच्या रुळांवर गंज चढलाय का, दाराच्या आतल्या कापडावर पाण्याची रेघ आहे का, हे बघा. यातलं काही दिसलं तर त्या गाडीतली विजेवर चालणारी एकही वस्तू घेऊ नका, बटणावर चालणारा आरसासुद्धा नाही.

गाड्या चाकांच्या रिमा वेल्ड करून केलेल्या स्टँडवर ठेवलेल्या असतात. काम सुरू करण्याआधी गाडीला बाजूने ढकलून बघा. डुगडुगली तर पुढची गाडी बघा, पार्ट कितीही सुंदर असो. तुमची दोन्ही कामं वरून होणारी आहेत, गाडीखाली शिरायची गरजच नाही, आणि कुणी सुचवलं तरी शिरू नका. दार किंवा पेट्रोलचं झाकण उघडताना आत गांधीलमाश्यांचं पोळं असू शकतं, उन्हाळ्यात तर हमखास. हातमोजे आणि चष्मा घालाच, काचेचे तुकडे सगळीकडे असतात. धनुर्वाताचा बूस्टर घेऊन दहा वर्षं झाली असतील तर जाण्याआधी घ्या. आणि दोन लिटर पाणी न्या.

आधी आरसा काढा, हात बसेल. दाराच्या आतल्या बाजूला, काचेच्या पुढच्या कोपऱ्यात एक त्रिकोणी प्लॅस्टिकचं झाकण आहे. प्लॅस्टिकची पट्टी घालून ते हलकेच उचका, ते खटक्यांवर बसलेलं असतं. आत वायरचा कनेक्टर आणि 10 मिलिमीटरचे तीन नट दिसतील. कनेक्टरची जीभ दाबून तो सोडवा, वायर धरून ओढू नका. मग नटांच्या खालच्या पोकळीत एक फडकं कोंबा. नट निसटला आणि दारात पडला तर तो शोधायला पॅनेल खोलावं लागतं, फडकं असलं की त्यातच पडतो. दोन नट काढा, तिसरा काढताना दुसऱ्या हाताने बाहेरून आरसा धरा, नाहीतर तो थेट जमिनीवर. नट आणि त्रिकोणी झाकणही घ्या, घरी तुमचं झाकण तुटणार आहे. बाहेर काढल्यावर 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी कनेक्टरच्या पिनांच्या जोड्यांना लावून बघा. एका जोडीला आरसा वर-खाली, दुसऱ्या जोडीला डावीकडे-उजवीकडे, हळू का होईना, हलायला हवा. दोन्ही नाही हलला तर दुसरी कोरोला शोधा.

या सगळ्यातली खरी कमाई पैशांची नाही. यार्डातल्या गाडीवर एखादा खटका तुटला तर कुणाचं काही बिघडत नाही. घरच्या गाडीवर तेच काम करताना तो कुठे आहे, कुठल्या दिशेने उचकायचा, हे बोटांना माहीत झालेलं असतं. म्हणून अल्टरनेटरच्या बाबतीतही घाईने उपटू नका, प्रत्येक पायरीचा फोटो काढत जा.

अल्टरनेटर इंजिनाच्या पॅसेंजरकडच्या टोकाला, बेल्टच्या बाजूला आहे. यार्डात बॅटरी बहुधा आधीच काढलेली असते. असली तर पहिल्यांदा निगेटिव्ह टोक सोडा. बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरवर 19 मिलिमीटरचा पाना बसतो. लांब दांडा लावून तो दाबला की बेल्ट ढिला पडतो आणि पुलीवरून सरकवता येतो. दुसऱ्याची गाडी आहे म्हणून बेल्ट कापायचा मोह होईल, पण टेन्शनर कसा वळतो ते शिकण्याची हीच जागा आहे. मग मागचा प्लॅस्टिकचा कनेक्टर जीभ दाबून काढा, आणि रबरी टोपीखालची जाड वायर, तिच्यावर 10 चा नट असतो. अल्टरनेटर दोन बोल्टवर उभा आहे, एक 12 चा आणि एक मोठा 14 चा. बोल्ट सैल झाले तरी अल्टरनेटर हलणार नाही, कारण कानाच्या भोकातली धातूची बुशी ब्रॅकेटला घट्ट धरून बसलेली असते. नवखे इथे समजतात की आणखी एखादा बोल्ट राहिलाय. राहिलेला नसतो. ऑइल मारा, पाच मिनिटं थांबा, मग ब्रेकर बारने वर-खाली असं हलकं झुलवा. जोराने एकाच बाजूला उचकटलंत तर अ‍ॅल्युमिनियमचा कान तुटतो.

हातात आल्यावर पुली बोटाने फिरवा. गुळगुळीत, किंचित जड फिरली तर ठीक. खरखर झाली, दाणे जाणवले किंवा पुली आडवी डुगडुगली तर बेअरिंग गेलंय. मागच्या फटीशी नाक नेऊन वास घ्या. जळक्या वॉर्निशचा वास आला तर आतलं तांबं भाजलेलं आहे. अंगावर तेल निथळत असेल तरी नको, ब्रश तेलात भिजले की टिकत नाहीत. कनेक्टरची जीभ शाबूत आहे ना, तेही बघा. दोन्ही बोल्ट बरोबर घ्या, आणि तुमच्या गाडीतला कनेक्टर उन्हाने ठिसूळ झाला असेल तर इथला, वायरच्या सहा इंची शेपटासकट, काउंटरवर विचारून कापून घ्या. आधी कापून मग विचारू नका, काही यार्डांना हे चालत नाही. फ्यूज, बल्ब असल्या चिल्लर वस्तूही खिशात घालू नका, बाहेर पडताना खिसे तपासतात आणि पाच डॉलरच्या वस्तूपायी कायमची बंदी येते.

किंमत गाडीवर नव्हे, पार्टवर असते. आरसा मर्सिडीजचा असो की कोरोलाचा, फलकावरचा आकडा बहुतेक एकच. अल्टरनेटर साधारण 30 ते 60 डॉलर, आरसा त्याहून कमी, वर कर आणि ‘कोअर’ नावाची अनामत. जुना अल्टरनेटर परत आणून दिला की ही अनामत परत मिळते, म्हणून तुमचा बिघडलेला फेकू नका. शक्य असेल तर पहिल्या फेरीतच बरोबर न्या, फाटकावर तो नोंदवून आत जा, अनामतीचा प्रश्नच उरत नाही. काउंटरवर विचारतील, वॉरंटी हवी का? आरशाला नको म्हणा. अल्टरनेटरला घ्या. थोडे डॉलर जास्त जातात, पण महिनाभरात बदलून मिळतो. रोख परत मिळेल अशी आशा धरू नका, बहुतेक ठिकाणी दुसरा पार्ट किंवा यार्डाचं क्रेडिट देतात. पार्टवर ते रंगाच्या पेनने खूण करतात, ती पुसू नका आणि पावती फोनमध्ये ठेवा. घरी बसवण्याआधी जाताजाता ऑटोझोनमध्ये तो तपासून घ्या. नापास झाला तर तसाच मागे फिरा.

हेडलाइटसाठी यार्डात जाण्यात अर्थ नाही. ती काच नव्हे, पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक आहे, वरचा संरक्षक थर उन्हाने गेला की पिवळी पडते. टेक्ससच्या यार्डातले हेडलाइट तुमच्यापेक्षा जास्त ऊन खाऊन बसलेत. दुकानात घासायचं किट मिळतं : जाड ते बारीक अशा तीन प्रतींच्या पॉलिशपेपरने पाण्यात घासायचं आणि शेवटी यूव्ही थर द्यायचा. हा शेवटचा थर टाळलात तर तीन-चार महिन्यांत पुन्हा पिवळे.

एअरबॅगला मात्र हात लावू नका, आणि यार्डातली एअरबॅग कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. ताकाता कंपनीच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट दमट उष्णतेत वर्षानुवर्षं राहिलं की बिघडतं आणि फुगण्याऐवजी धातूचे तुकडे उडवतं. यातून माणसं मेली आहेत. अमेरिकेच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा रिकॉल (सदोष भाग बदलायला गाड्या परत बोलावणं), सुमारे 6 कोटी 70 लाख एअरबॅगांचा, आणि 2003 ते 2007 च्या कोरोला त्यात आहेत. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्याची, म्हणजे तुमच्याकडची, हवा या बाबतीत सर्वांत वाईट. एनएचटीएसए या सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर आजच तुमचा व्हीआयएन टाकून बघा. तुमच्या गाडीचं काम राहिलं असेल तर टोयोटाचा डीलर एक पैसा न घेता करून देतो, गाडी चौथ्या मालकाची असली तरी. अधूनमधून लागणाऱ्या दिव्याचं कारण वेगळं असू शकतं, सीटखालचा सैल कनेक्टरसुद्धा, पण तो त्याच फेरीत डीलरला दाखवा. सीटबेल्टही जुना घ्यायचा नाही. अपघातात ताण बसलेला पट्टा दिसायला धडधाकट दिसतो.

ब्रेक पॅड, बेल्ट, पाण्याचा पंप, ऑक्सिजन सेन्सर हेही नवेच घ्या, यांचं आयुष्य मैलांवर मोजतात आणि ते आधीच संपलेलं असतं. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शोधू नका. त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, रोडियम असतं, ते गाडी रांगेत येण्याआधीच काढून घेतात. टायर पसंत पडला तर बाजूच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. गेलाच आहात तर ऊन थोपवणारा सन व्हायझर मात्र उचला, टेक्ससमध्ये तो लोंबकळलेला नाही अशी जुनी गाडी विरळा.

घरी अल्टरनेटर बसवताना पहिल्यांदा बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडा. ती जाड वायर थेट बॅटरीला जोडलेली असते, पाना बॉडीला लागला तर ठिणग्या उडतील. बसवून झाल्यावर इंजिन चालू करून पुन्हा व्होल्ट मोजा, मग हेडलाइट, एसी, मागच्या काचेचा हीटर सगळं लावून पुन्हा एकदा. 13.5 च्या खाली जाता कामा नये. बॅटरी सोडल्याने गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या तपासणीच्या नोंदी पुसल्या जातात. टेक्ससने 2025 पासून साध्या गाड्यांची सुरक्षा तपासणी बंद केली असली तरी ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत धुराची तपासणी सुरूच आहे, आणि नोंदी पुन्हा तयार झाल्याशिवाय यंत्र गाडी पास करत नाही. नोंदणीचं नूतनीकरण जवळ आलं असेल तर आधी ते उरका, किंवा काम झाल्यावर आठवडाभर शहरात आणि हायवेवर मिळून शंभरेक मैल फिरवा आणि मगच तपासणीला न्या.